नायट्रो ट्रकचं इंजिन गेलं, आता कोणतं घालू?

धूळवाट

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १:१० मापाचा, रिमोटवर चालणारा नायट्रो (मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावरचा) मॉन्स्टर ट्रक आहे. मूळ इंजिन .१५ (घन इंच) म्हणजे २.५ सीसीचं, पुल-स्टार्ट (दोरी ओढून सुरू होणारं), एक्झॉस्ट बाजूला, स्लाइड कार्ब (कार्बुरेटर). पाच वर्षं मनापासून चालवला. गेले दोन महिने तो थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या दोरीला सुरू होतो, अर्धी टाकी चालतो आणि गरम झाला की बंद पडतो. मग कितीही ओढा, उठत नाही. पंधरा मिनिटं गार होऊ दिला की पुन्हा तयार. ग्लो प्लग (इंधन पेटवणारी तापलेली तार असलेला प्लग) तीन वेळा बदलला, इंधनाचा नवा डबा फोडला. फरक शून्य.

डोळ्यांसमोर तीन पर्याय आहेत. एक, जसंच्या तसं २.५ सीसी. दोन, .१८ म्हणजे ३ सीसी, जे याच माउंटवर बसतं असं ऐकलंय. तीन, एका मित्राकडे बग्गीतून काढलेलं .२१ चं रेसिंग इंजिन पडून आहे, ते तो द्यायला तयार आहे. शर्यती मी करत नाही. भुसभुशीत माती, गवत आणि छोट्या उड्या, एवढंच. लेक शेजारी उभी राहून टाकी भरते, दर सुट्टीचा तो आमचा कार्यक्रम आहे. तो बंद पडल्याची रुखरुख लागली आहे. सल्ला द्या.

सुईवाला

धूळवाट, नवं इंजिन निवडण्याआधी जुनं कशाने गेलं ते शोधा. नाहीतर तेच कारण नव्याला खाईल.

लक्षणं पिंच (थंड असताना पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टॉपला, घट्ट बसणं) संपल्याची वाटतात, पण खात्री करून घ्या. इंजिन पूर्ण थंड असताना प्लग काढा आणि फ्लायव्हील बोटाने फिरवा. पिस्टन टॉपला येताना अडकल्यासारखा घट्ट लागला पाहिजे. लोण्यातून सुरी फिरावी तसा सहज पार जात असेल तर स्लीव्ह (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) झिजलीय. मग प्लग लावून तेच करा, दाब किती टिकतो ते हाताला कळतं.

दुसरी शंका हवा गळतीची. गळती असली की आयडल (थ्रॉटल न देता इंजिन संथ चालणं) एका जागी राहत नाही, थ्रॉटल सोडल्यावरही आवाज चढाच राहतो आणि नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) फिरवून काही उपयोग होत नाही. इंजिन ट्रकमधून काढा, कार्बचं तोंड आणि इंधनाची नळी बंद करा, पिस्टन खाली ठेवा म्हणजे एक्झॉस्टचं भोक केसपर्यंत मोकळं होतं. एक्झॉस्टला नळी जोडून इंजिन पाण्यात बुडवा आणि हलकेच फुंका. कार्बच्या मानेशी, बॅकप्लेटच्या गास्केटशी, हेडखाली, कुठे बुडबुडे येतात ते बघा. पुढच्या बेअरिंगमधून थोडे येणारच, ते मनावर घेऊ नका. काम झालं की लगेच वाळवून आतबाहेर तेल द्या. बेअरिंगला गंज चढायला एक रात्रसुद्धा पुरते.

टाकीचं झाकण आणि इंधनाच्या नळ्याही वेगळ्या तपासा. नळीला टाचणीएवढं भोक पडलं की माणूस महिनाभर इंजिनावर राग काढत बसतो.

कडकवीज

ब्रशलेस मोटर आणि लिपो बॅटरी टाका, मोकळे व्हा. ना ट्यूनिंग, ना धूर, ना प्लग.

धूळवाट

@सुईवाला, धन्यवाद, सुट्टीला उघडून बसतो.

@कडकवीज, सूचना चांगल्या मनाने केलीत, आणि सोय म्हणाल तर तुमचंच खरं. पण मला तो वास हवा आहे, तो चढता आवाज हवा आहे, नीडल आठवा भाग फिरवल्यावर इंजिनाने दिलेलं उत्तर ऐकायचं आहे. मुलीला यंत्र म्हणजे काय ते यातून कळतंय. पिस्टन हातात घेऊन तिने विचारलं होतं, "हा एवढासा तुकडा एवढी मोठी गाडी ढकलतो?" त्यामुळे नायट्रोच.

जुना_गडी

सुईवाल्यांनी निदानाचं सांगितलं, मी बसवण्याचं सांगतो. इंजिन निवडताना लोक सीसी आणि बीएचपी वाचतात. मी आधी फूटपट्टी काढतो.

पहिली गोष्ट ब्लॉकची. .१२ पासून .१८ पर्यंतची इंजिनं साधारणपणे स्मॉल ब्लॉक असतात, .२१ पासून पुढे बिग ब्लॉक. बिग ब्लॉकची केस रुंद, पायांवरच्या भोकांमधलं अंतर वेगळं आणि क्रँकची उंचीही वेगळी. उंची बदलली की क्लच बेल (इंजिनाकडचा दातेरी भाग) आणि स्पर गिअर (तो फिरवतो ते मोठं दातेरी चाक) यांची जुळणीच बदलते. त्यामुळे मित्राचं .२१ हवं असेल तर नवं माउंट, कदाचित चेसिसला नवी भोकं आणि बऱ्याचदा टाकी किंवा रेडिओ बॉक्स सरकवणं आलं.

दुसरी गोष्ट शाफ्टची, आणि घोटाळा जास्त करून इथेच होतो. काही क्रँकशाफ्टचा पुढचा आटेदार भाग लांब असतो. काहींचा आखूड, टोकाला आतून आटे आणि तिथे छोट्या स्क्रूने क्लच बेल धरलेली, त्याला एसजी म्हणतात. शिवाय कापून वापरायचे बहुउपयोगी शाफ्टही येतात. तुमचं फ्लायव्हील, त्यामागचा कोन (शंकूसारखी पितळी कडी), क्लच नट, बेल हे सगळं जुन्या शाफ्टला बसलेलं आहे. नव्याचा शाफ्ट वेगळा निघाला तर क्लचचा पूर्ण संच बदलावा लागतो. जुना शाफ्ट उघडून लांबी, आटे, कोनाचं माप कागदावर काढून ठेवा.

तिसरी, सुरू करण्याची पद्धत. रेसिंग इंजिनं बंप-स्टार्टची असतात. स्टार्टर बॉक्सचं रबरी चाक खालून फ्लायव्हीलला टेकवायचं असतं आणि त्यासाठी चेसिसमध्ये खाच लागते. मॉन्स्टर ट्रकला ती बहुतेक नसतेच. बरं, पुल-स्टार्टची बॅकप्लेट लावून भागेल म्हणावं तर तेही सरळ नाही. स्टार्टरचा दांडा क्रँक पिनला पकडतो, त्यासाठी पिन कनेक्टिंग रॉडच्या बाहेर डोकावणारी लांब लागते. रेसिंग क्रँकची तशी नसते.

चौथी, एक्झॉस्ट. बाजूचं की मागचं? मागचं असेल तर मॅनिफोल्ड, पाइप आणि टाकीला दाब देणारी नळी सगळ्यांचा रस्ता बदलतो.

पाचवी, कार्ब. स्लाइड कार्ब सरळ रेषेत ओढला जातो, रोटरीची दांडी गोल फिरते. सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्याने दांडी हलवणारी छोटी मोटर) ज्या बाजूला आहे तिथून लिंकेज पोचतं का ते बघा, आणि ब्रेकही त्याच सर्व्होवर असतो हे विसरू नका.

तुमच्या वापराला मी .१८ च घालीन. पण आधी इंजिन उघडा.

धूळवाट

उघडलं. लिहायला जड जातंय, पण लिहितो.

थंड असताना टॉपला जवळजवळ काहीच अडथळा नाही. पाण्याच्या चाचणीत कार्बच्या मानेशी बारीक बुडबुड्यांची माळ लागली, तिथली ओ-रिंग चपटी झाली होती. स्लीव्हला आतून उभे ओरखडे आहेत, नखाला लागतात. पिस्टनच्या कडेवरही तसेच. रॉडला वर-खाली खेळ आहे. मागचं बेअरिंग फिरवताना खरखर करतं. आणि एअर फिल्टरचा फोम कार्बला जिथे बसतो तिथे रबराच्या मानेला फट पडलेली दिसली. बांधायची पट्टी सैल होती. म्हणजे किती दिवस त्या फटीतून धूळ आत जात होती कोण जाणे. फोमला तेल मी नियमित द्यायचो, पण तो मानेला नीट चिकटून बसलाय का हे कधी दाबून बघितलं नव्हतं.

सुईवाला

हेच कारण. मातीचा बारीक कण म्हणजे पॉलिश पेपरच. फोमला तेल आणि मानेवर घट्ट पट्टी, दोन्ही हवंत. धुळीत चालवत असाल तर दोन थरांचा फोम घ्या, आतला बारीक, बाहेरचा जाड.

आता संच की पूर्ण इंजिन? फक्त पिंच गेली असती तर पिस्टन, स्लीव्ह आणि रॉडचा संच घाला म्हटलं असतं. स्लीव्हचं वरचं तोंड आवळून पिंच परत आणून देणारे लोकही आहेत, पण ओरखडे पडलेल्या स्लीव्हला त्याचा उपयोग नाही. तुमचं बेअरिंग खरखरतंय, रॉड सैल आहे, म्हणजे क्रँक पिनही झिजली असणार. झिजलेल्या पिनवर नवा रॉड लवकर मरतो. पूर्ण इंजिन घ्या.

नवखी

मध्येच विचारते, रागावू नका. इंजिन नवं असताना इतकं घट्ट का असतं? माझं नवं इंजिन टॉपला अडकून बसलं तेव्हा मला ते बिघडलंय असंच वाटलं होतं.

जुना_गडी

नवखीताई, रागवायचं काय त्यात, प्रश्न मुळाशी जाणारा आहे.

या इंजिनांत बहुधा पिस्टन रिंग नसते. एबीसी म्हणजे ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची स्लीव्ह आणि तिच्यावर क्रोमचा मुलामा. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. पितळ गरम झालं की सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमपेक्षा जास्त फुगतं, शिवाय स्लीव्हचा वरचा भागच सर्वांत तापतो. त्यामुळे थंड असताना घट्ट असलेली जोडी चालत्या तापमानाला बरोब्बर बसते. थंडपणीच सैल असेल तर गरम झाल्यावर मध्ये फट पडते, दाब राहत नाही. धूळवाट यांचा ट्रक गरम असताना का उठत नव्हता त्याचं उत्तर हेच.

दाब तर हवाच, पण स्पार्क प्लग नसतानाही हे इंजिन पेटतं कसं? ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची तार आधी बॅटरीने लाल करायची. मग मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्या रासायनिक क्रियेने आणि प्रत्येक स्फोटाच्या उष्णतेने ती तापलेली राहते, बॅटरी काढून घेतली तरी चालते. म्हणून दाब, तापमान, प्लगचा प्रकार आणि इंधनातलं नायट्रोचं प्रमाण हे चारही एकमेकांत गुंतलेले आहेत. एक हलवलं की बाकीचे तीन तपासायचे.

आणि टॉपला अडकलं तर दोरीला हिसके देऊ नकोस. दोरी तुटते नाहीतर वन-वे बेअरिंग घसरायला लागतं. प्लग काढ, फ्लायव्हील हाताने फिरव. इंधन जास्त जाऊन सिलिंडर भरला असेल तर तेही त्याच भोकातून बाहेर पडेल.

खटपट्या

मी उलटं मत देतो. .२१ चुकवू नका! मी असाच ट्रक घेऊन त्यात ३.५ सीसी घातलं. माउंट स्वतः कापलं, चेसिसला भोकं पाडली. पहिल्यांदा थ्रॉटल दिला तेव्हा पुढची चाकं उचलली गेली, तो क्षण मी विसरणार नाही.

खरं सांगायचं तर त्यानंतर दोन महिन्यांत मागचा डिफ (डिफरन्शियल, दोन्ही चाकांना शक्ती वाटणारा गिअर) गेला, मग ड्राइव्हशाफ्ट, मग स्पर. टाकी निम्म्या वेळात संपायला लागली, म्हणजे मोठी टाकी. ट्रकचं नाक जड झालं, म्हणजे नवे शॉक स्प्रिंग. मला खटपट आवडते, म्हणून तो सगळा काळ मजेत गेला. तुम्हाला आवडते का ते ठरवा.

जुना_गडी

खटपट्याने प्रामाणिकपणे लिहिलंय, त्यातच सगळं आलं. मोठ्या इंजिनाची शक्ती कुठेतरी जाऊन आदळते. ती डिफवर आदळते.

बनवणाऱ्यांनीही हा प्रवास टप्प्याटप्प्यानेच केला. ट्रॅक्ससचा टी-मॅक्स १९९९ मध्ये आला तेव्हा २.५ सीसीचा होता, ३.३ सीसीपर्यंत तो नंतर पोचला. एचपीआयचा सॅव्हेज .२१ वर सुरू झाला, पुढे .२५ आणि मग ४.६ सीसी. तो पहिल्यापासून बिग ब्लॉकसाठी आखलेला ट्रक होता. चेसिस आणि गिअर ज्या वजनासाठी केलेत, त्याच्या एक पायरी वर जाता येतं. तीन पायऱ्या चढायच्या तर खालचं घरच नवं बांधावं लागतं.

.१५ वरून .१८ ही एक पायरी आहे. ओ.एस. या जपानी कंपनीने १८टीएम हे इंजिन टी-मॅक्समध्ये सरळ बसावं म्हणूनच काढलं होतं, यावरून या बदलाला किती मागणी होती ते कळेल. ही कंपनी १९३६ पासून छोटी इंजिनं करते.

आता शक्तीबद्दल. डब्यावर लिहिलेली बीएचपी ३०,००० च्या आसपासच्या आरपीएमला मोजलेली असते, आणि प्रत्येक कंपनीची मोजायची रीत वेगळी. गवतातला मॉन्स्टर ट्रक त्या आरपीएमला किती सेकंद असतो? त्याला लागतो तो खालचा जोर. मोठी चाकं, जड गाडी, सारखं थांबणं आणि उचलणं. म्हणून कमी पोर्टचं (पोर्ट म्हणजे स्लीव्हमधली इंधन-हवा आत येण्याची भोकं), साध्या तीन पोर्टचं इंजिन चांगलं. पाच-सात पोर्टची इंजिनं वर किंचाळतात, पण खाली मंद असतात. कार्बच्या तोंडात बसणारी रिड्यूसर रिंगही बघा. लहान रिंग टाकली की सुरुवातीचा प्रतिसाद तिखट होतो, इंधन वाचतं, वरची धाव थोडी कमी होते. तुम्हाला तेच हवंय.

धूळवाट

.१८ ठरलं. मित्राला .२१ साठी नम्रपणे नाही म्हटलं.

निवडताना चार गोष्टी पक्क्या केल्या. स्मॉल ब्लॉक माउंट, जुन्यासारखाच शाफ्ट, पुल-स्टार्ट आणि बाजूचं एक्झॉस्ट. पोर्ट तीन. कार्ब मात्र रोटरी मिळाला, कारण बाकी सगळं जुळणाऱ्या इंजिनाला तोच होता.

आज बसवलं. माउंटची भोकं जुळली. पण फ्लायव्हील जुन्यापेक्षा साधारण दीड मिलिमीटर पुढे येतं आणि क्लच बेलचे दात स्परच्या कडेवरच टेकतात, पूर्ण रुंदीला नाही. शाफ्ट सारखा असूनही असं का? दुसरं, रोटरीच्या दांडीला जुनं लिंकेज तिरपं लागतं.

खटपट्या

कोन बघा. फ्लायव्हीलमागचा पितळी कोन नव्या इंजिनाबरोबर आलेला लावलात की जुना? दोघांच्या जाडीत फरक असतो. जुना लावून बघा, फ्लायव्हीलचं भोक त्याच्याशीच जुळलेलं आहे. त्यानेही उरलं तर माउंट चेसिसच्या खाचेत थोडं मागे सरकतं. मग बेल आणि स्परमध्ये कागदाची पट्टी घालून दाबा, माउंट आवळा आणि पट्टी ओढून काढा. दोन गिअरमध्ये तेवढीच फट हवी. सगळ्या स्क्रूंना थ्रेड लॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद).

लिंकेजसाठी रोटरीची दांडी सैल करून दुसऱ्या कोनात बसवता येते. सर्व्हो पूर्ण ओढल्यावर कार्ब पूर्ण उघडला पाहिजे, सोडल्यावर फक्त आयडलची फट राहिली पाहिजे, आणि त्याच्यापुढे सर्व्हो गेला तरच ब्रेक लागायला सुरुवात. दांडी कुठे अडखळत असेल तर इंजिन सुरूच करू नका. फेल-सेफही तपासून घ्या. रिमोट बंद केल्यावर सर्व्हो ब्रेकला गेला पाहिजे. मुलगी शेजारी उभी असते म्हणालात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

धूळवाट

कोनच होता! जुना लावला, दात पूर्ण रुंदीला बसले. फेल-सेफ तपासला, नीट चालतो. आता ब्रेक-इन, म्हणजे नवं इंजिन हळूहळू रुळवणं. इंजिनाच्या पत्रकात जागेवर आयडलला टाक्या जाळा असं आहे, इथे जुन्या धाग्यांत वेगळंच वाचलं.

सुईवाला

पत्रक पाळलंत तर कोणी चूक म्हणणार नाही. माझा अनुभव मात्र वेगळं सांगतो. खूप रिच (इंधन जास्त, हवा कमी; याच्या उलट लीन) ठेवून आयडलला चालवलं की इंजिन थंडच राहतं. थंड म्हणजे स्लीव्ह आवळलेली, प्रत्येक फेरीला पिस्टन त्या पिंचमधून रेटून जातो आणि रॉडवर ताण येतो. ज्या पिंचसाठी नवं इंजिन घेतलं तीच आपण घासून टाकतो.

मी काय करतो ते सांगतो. सुरू करण्याआधी हेअर ड्रायरने हेड चांगलं तापवतो, मग दोरी ओढतो. प्लग मध्यम ठेवतो, हेडच्या बैठकीप्रमाणे साधा की टर्बो ते बघून, कारण दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. नीडल रिच, पण इतकीच की ट्रक गोल चकरा मारत चालेल. थ्रॉटल हलका, कमी-जास्त. हेडचं तापमान ९५ अंश सेल्सियसच्या आसपास. गारठा असेल तर हेडला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून ते तापमान धरून ठेवायचं. टाकी संपत आली की बंद करायचं आणि पिस्टन खाली आणून ठेवायचा. फ्लायव्हीलवर मार्करने खूण करून ठेवा म्हणजे पिस्टन खाली आहे हे बाहेरून कळेल. टॉपला राहिला आणि गार झाला तर आवळणारी स्लीव्ह त्याच्यावर बसते. पूर्ण गार झाल्यावर दुसरी टाकी. पाच-सहा टाक्या असं, मग थोडं थोडं लीन करत जायचं.

तेलात काटकसर नको. शर्यतीच्या इंधनात तेल कमी असतं, तुम्ही जास्त तेलाचं घ्या. नायट्रो २० टक्के पुरे. पुढे कधी जास्त नायट्रोकडे गेलात तर हेडखाली एक पातळ शिम (पत्र्याची चकती) वाढवा, दाब थोडा उतरवावा लागतो.

नवखी

लीन केल्यावर योग्य जागा कशी ओळखायची? माझ्याकडे तापमान मोजायचं यंत्र नाही.

सुईवाला

हेडवर पाण्याचा एक थेंब टाक. तीन-चार सेकंदांत चुरचुरत उडाला तर ठीक. टाकताक्षणी उडाला तर फार गरम, बसूनच राहिला तर फार रिच. पण तापमान हा एकच साक्षीदार मानू नकोस. पूर्ण थ्रॉटलला मागे निळसर धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. धूर दिसेनासा झाला की तेल कमी जातंय, ताबडतोब हाय-स्पीड नीडल उघड. आधी नेहमी हाय-स्पीड, मग लो-स्पीड, शेवटी आयडल स्क्रू. लो-स्पीडसाठी चिमटा चाचणी. आयडलला असताना कार्बजवळ नळी दाबून धर. दोन-तीन सेकंदांनी आवाज जरा चढून बंद पडलं तर बरोबर. लगेच बंद पडलं तर लीन, खूप वेळ चालत राहिलं तर रिच.

धूळवाट

पाच टाक्या झाल्या. पहिल्या दोन हेअर ड्रायर आणि फॉइल घेऊन. मुलीने फ्लायव्हीलवर लाल मार्करची खूण केली आहे आणि प्रत्येक टाकीनंतर पिस्टन खाली आणण्याचं काम तिने स्वतःकडे घेतलं आहे. वहीत टाकी, तापमान, नीडल किती फिरवली हेही तीच लिहिते.

चौथ्या टाकीला १०४ अंश, पाचव्याला १०८. धुराची रेघ आहे. गरम असताना मुद्दाम बंद केला आणि दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला उठला! हे ऐकण्यासाठी दोन महिने थांबलो होतो. भुसभुशीत मातीत जुनं इंजिन जिथे धापा टाकायचं तिथून हे सरळ निघून जातं, आणि डिफ शांत आहे. थ्रॉटल सोडल्यावर आयडल क्षणभर चढा राहतो, लो-स्पीड अजून हलवलेलं नाही.

फिल्टर दोन थरांचा, मानेला पट्टी, आणि दर टाकीला बोटाने दाबून बघतो. संध्याकाळी उरलेलं इंधन काढून जाळलं, कार्ब आणि प्लगच्या भोकातून आफ्टर-रन तेल (गंज रोखणारं) सोडून फ्लायव्हील फिरवलं.

जुना_गडी

आयडल चढा राहतोय तो लो-स्पीड लीन असल्यामुळे असेल, पण पाच टाक्यांत नव्या गास्केटचे स्क्रूही थोडे सैल होतात. गार असताना बॅकप्लेट आणि हेडचे स्क्रू आडव्या-तिरप्या क्रमाने एकदा आवळून घे. मग लो-स्पीड आठवा भाग उघड आणि चिमटा चाचणी कर. जुनी केस टाकू नकोस. कार्ब, बॅकप्लेट आणि पुल-स्टार्ट सुटे भाग म्हणून कामाला येतील.

धूळवाट

बॅकप्लेटचे दोन स्क्रू खरंच पाव फेरी सैल होते, काका. आवळले, लो-स्पीड आठवा भाग उघडलं. सहाव्या टाकीला नळी चिमटल्यावर तीन सेकंदांनी बंद पडला, आयडल लगेच खाली येतोय. वहीत नोंद झाली.